मंद व्याजाचा जीव

एसटीची एक गाडी डोळ्यांसमोर आणा. सगळी आसने भरलेली, आणि आठ-दहा माणसे मधल्या वाटेत दांडी धरून उभी. जगात शिल्लक उरलेले माउई डॉल्फिन साधारण एवढेच आहेत. न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर २०२०-२१ साली त्यांची गणना झाली. एक वर्षाहून मोठ्या डॉल्फिनची संख्या निघाली सुमारे ५४. त्याच्या पाच वर्षे आधीच्या गणनेत ती ६३ होती, आणि त्याच्याही आधी, २०१०-११ मध्ये, ५५.

या डॉल्फिनची कुणी शिकार करीत नाही. त्याच्या मांसाला बाजार नाही, कातड्याला भाव नाही. माणसाशी त्याचे वैर नाही. उलट हळू चालणारी नाव दिसली की तो आपणहून जवळ येतो आणि नाळेपुढे पोहू लागतो. न्यूझीलंडमध्ये १९७८ सालापासून सागरी सस्तन प्राण्यांना कायद्याचे संरक्षण आहे. देश सुसंस्कृत, लोकवस्ती विरळ, समुद्र स्वच्छ. असे असताना एका प्राण्याची शिरगणती एका गाडीत मावेल इतकी खाली यावी, हे कसे झाले? याचे उत्तर समुद्रशास्त्रात जितके आहे, तितकेच मुद्दल आणि व्याजाच्या साध्या हिशेबात आहे. जन्मभर बँकेच्या खातेवह्या पाहिलेल्या माणसाला तरी ते तसेच दिसते.

पण हिशेबाकडे वळण्यापूर्वी ज्याचा हिशेब मांडायचा, त्या जीवाची ओळख करून घ्यायला हवी.

गारठ्यातला ठेंगू

माउई डॉल्फिन ही वेगळी जात नव्हे. हेक्टर डॉल्फिन या जातीची ती उत्तरेकडची उपजात आहे. हेक्टर डॉल्फिन साऱ्या जगात फक्त न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर सापडतो. सर जेम्स हेक्टर हे मूळचे स्कॉटिश भूगर्भशास्त्रज्ञ वेलिंग्टनच्या संग्रहालयाचे प्रमुख होते. या प्राण्याचा नमुना त्यांनी तपासला, आणि १८८१ साली व्हान बेनेडेन या बेल्जियन प्राणिशास्त्रज्ञाने त्यांचे नाव त्याला दिले. तेथील मूळच्या माओरी लोकांना मात्र तो शतकानुशतके ठाऊक होता. त्यांच्या भाषेत त्याला तुतुमाइरेकुराइ, तुपोउपोउ अशी नावे आहेत.

आपल्याकडे दापोलीला, मालवणला किंवा गोव्याला होडीतून डॉल्फिन पाहायला जाण्याची आता चांगलीच रूढी पडली आहे. तिथे दिसणारे डॉल्फिन अंगाने मोठे, लांब चोचीचे आणि उबदार पाण्याचे. हेक्टर त्यांच्यापुढे अगदीच ठेंगू. लांबी चार ते पाच फूट, वजन ४० ते ६० किलो, म्हणजे शाळकरी मुलाएवढे. जगातल्या सर्वांत लहान डॉल्फिनांत त्याची गणना होते. माद्या नरांपेक्षा किंचित मोठ्या असतात. चोच जवळजवळ नाहीच. रंग राखाडी, त्यावर काळे आणि पांढरे पट्टे इतके रेखीव, की कुणी कुंचल्याने काढले असावेत. पाठीवरचा पर इतर डॉल्फिनांसारखा टोकदार, कोयत्याच्या पात्यासारखा नसतो; तो गोल असतो. पाण्यावर आलेला हा गोल काळा पर पाहून तिथल्या मुलांना मिकी माऊसचा कान आठवतो.

थंड पाण्यात लहान अंगाने राहणे ही सोपी गोष्ट नाही. पाणी हवेच्या मानाने सुमारे पंचवीस पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेते. शिवाय शरीर जितके लहान, तितका आतल्या मांसाच्या मानाने बाहेरच्या कातडीचा पसारा मोठा. मोठ्या पातेल्यातल्या वरणापेक्षा वाटीतले वरण आधी निवते, तसेच हे. देवमासा प्रचंड असतो म्हणून बर्फाळ समुद्रातही त्याचे भागते. या छोट्याला वेगळी तजवीज करावी लागते. त्याचे अंग आखूड आणि गुटगुटीत आहे. कातडीखाली चरबीचा जाड थर आहे. पर आणि हातवल्ही आखूड, गोल आहेत, म्हणजे ऊब बाहेर पडायला जागा कमी. परांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना परतीच्या रक्तवाहिन्या बिलगलेल्या असतात, त्यामुळे जाणारे गरम रक्त येणाऱ्या गार रक्ताला वाटेतच ऊब देऊन टाकते. एवढे करूनही शेगडी पेटती ठेवायला सारखे खावे लागते. लहानसे मासे आणि माकूळ हे त्याचे अन्न. रेड कॉडची पिल्ले, स्प्रॅट, तळाशी राहणारे चपटे मासे, बहुतेक सगळे वीतभर लांबीच्या आतले.

त्याचे भाईबंदही असेच दक्षिण गोलार्धातल्या गार पाण्याचे रहिवासी आहेत. चिलीच्या किनाऱ्यावर चिली डॉल्फिन, दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या थंड प्रवाहात हेव्हिसाइड डॉल्फिन, आणि अर्जेंटिनाच्या टोकाशी कॉमर्सन डॉल्फिन. या कॉमर्सनची एक वसाहत तर थेट हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला, केर्गेलेन बेटांभोवती आहे. भूखंड वेगवेगळे, पण सगळ्यांची आवड एक : पाणी थंड असावे आणि किनारा जवळ असावा.

किनाऱ्याची ओढ

किनाऱ्याची ही ओढच पुढच्या कथेचे मूळ आहे. हेक्टर डॉल्फिन खोल समुद्रातला प्रवासी नाही. तो उथळ, गढूळ पाण्यात रमतो. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर उंच हिमपर्वत आहेत. त्यांवरून उतरणाऱ्या नद्या गाळ घेऊन समुद्राला मिळतात. त्या गाळाबरोबर येणाऱ्या पोषक द्रव्यांवर सूक्ष्म जीव वाढतात, त्यांवर छोटे मासे आणि त्यांच्या मागे हे डॉल्फिन. उन्हाळ्यात, म्हणजे तिकडच्या डिसेंबर-जानेवारीत, ते लाटा फुटतात त्या रेषेपर्यंत येतात. याच दिवसांत पिल्लेही जन्मतात. हिवाळ्यात ते थोडे बाहेर पांगतात, इतकेच.

एकेका डॉल्फिनचा वावर किती? अभ्यासकांनी परावरच्या खाचा आणि व्रण यांची छायाचित्रे ठेवून एकेकाला ओळखले आणि वर्षानुवर्षे त्यांच्या जागा टिपल्या. तेव्हा दिसले, की बहुतेकांचे सारे आयुष्य किनाऱ्याच्या सरासरी ५० किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात जाते. सारा प्रशांत महासागर मोकळा पडला असताना हा प्राणी पुणे-लोणावळा एवढ्याच अंतरात ये-जा करीत जन्म काढतो. गावाबाहेर न पडलेल्या जुन्या माणसासारखा. त्यामुळे एका उपसागरातले डॉल्फिन संपले, तर शेजारच्या उपसागरातून येऊन कुणी ती जागा सहज भरून काढत नाही.

उत्तर आणि दक्षिण बेटांतले डॉल्फिन वेगळे झाले तेही यामुळेच. हजारो वर्षे एकमेकांत न मिसळल्याने उत्तरेकडच्यांची कवटी थोडी मोठी झाली, जनुकीय ठेवण बदलली. २००२ साली शास्त्रज्ञांनी त्यांना वेगळी उपजात मानून माउई हे नाव दिले. माओरी पुराणकथेत माउई नावाचा पराक्रमी पुरुष गळ टाकून समुद्रातून एक अजस्र मासा ओढून काढतो. तोच मासा म्हणजे न्यूझीलंडचे उत्तर बेट. बेटाचे माओरी नावच ‘माउईचा मासा’ असे आहे. ज्याने मासा धरला त्याचे नाव, ज्याला मासेमारीने संपवत आणले त्या प्राण्याला मिळाले.

कुजबुज आणि जाळे

गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग फारसा नाही. हेक्टर डॉल्फिन कानाने पाहतो. तो बारीक टिकटिक करतो आणि तिचा प्रतिध्वनी ऐकून पुढे काय आहे ते जाणतो. माणसाच्या कानाला सेकंदाला २० हजार कंपनांच्या पुढचे ऐकू येत नाही. याची टिकटिक सव्वा लाख कंपनांच्या आसपास असते. इतर डॉल्फिन शिट्या घालतात, हा घालत नाही. अभ्यासकांचा एक तर्क असा, की डॉल्फिनांना खाणारा ऑर्का एवढे उंच स्वर नीट ऐकू शकत नाही. म्हणजे चोराच्या कानाला लागणार नाही अशा स्वरात ही मंडळी आपसात कुजबुजतात.

अशा तीक्ष्ण कानाचा प्राणी जाळ्यात सापडतो कसा? पाण्यात पडद्यासारखे उभे राहणारे जाळे नायलॉनच्या एकेरी, अत्यंत बारीक धाग्याचे असते. या धाग्याचा प्रतिध्वनी फारच क्षीण येतो. डॉल्फिनही प्रत्येक क्षणी टिकटिक करीत नसतो, आणि माशाच्या मागे लागला असेल तर त्याचे सारे लक्ष माशावर. तोंड किंवा पर एकदा अडकला की तो मागे सरकून सुटत नाही, पुढे रेटतो आणि अधिक गुरफटतो. डॉल्फिन मासा नव्हे. त्याला आपल्यासारखा श्वास घ्यायला वर यावे लागते, आणि एरवी त्याची बुडी दीड-दोन मिनिटांची असते. पुढचे सांगायला नको.

कोळ्याला हा डॉल्फिन नको असतो. तो त्याला विकता येत नाही, शिवाय जाळे फाटते ते वेगळेच. त्याला हवा असतो रिग नावाचा छोटा मुशीसारखा मासा, जो तिकडच्या ‘फिश अँड चिप्स’च्या दुकानांत लेमनफिश म्हणून खपतो, किंवा एलिफंट फिश, किंवा चपटे मासे. हे मासे राहतात त्याच उथळ पाण्यात डॉल्फिन राहतात. दोघांचे एकाच ठिकाणी काम आहे, एवढाच काय तो गुन्हा. १९८४ पासून स्टीव्ह डॉसन आणि एलिझाबेथ स्लूटन हे दोन संशोधक बँक्स द्वीपकल्पाभोवती या डॉल्फिनांचा अभ्यास करीत होते. (हे बँक्स नाव बँकेवरून नव्हे, कॅप्टन कुकचे सहप्रवासी जोसेफ बँक्स यांच्यावरून पडले.) कोळ्यांच्या मुलाखती आणि किनाऱ्याला लागलेली मृत शरीरे यांवरून डॉसन यांनी दाखवून दिले, की १९८४ ते १९८८ या चार वर्षांत कँटरबरीच्या परिसरातील जाळ्यांत २३० हेक्टर डॉल्फिन मेले.

मुद्दल खाणारे खाते

२३० हा आकडा मोठा की लहान? माशांच्या दृष्टीने तो काहीच नाही. मासळी एका खेपेला हजारो अंडी घालते. इथे हिशेब निराळा आहे.

हेक्टर डॉल्फिनची मादी सात ते नऊ वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा विते. सुमारे दहा-अकरा महिन्यांच्या गर्भारपणानंतर एकच पिल्लू. ते दोन फुटांच्या आसपास लांब असते, अंगावर आईच्या पोटात दुमडून राहिल्याच्या घड्या अजून दिसतात. ते वर्ष-दोन वर्षे आईला सोडत नाही. पुढचे पिल्लू दोन ते चार वर्षांनी. आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचे. सगळे सुरळीत पार पडले, तर एका मादीच्या पदरी जन्मभरात चार ते सात पिल्ले पडतात. त्यांतली निम्मी नर, काही बालपणीच गेलेली. स्लूटन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९१ साली गणित मांडले : कोणतीही आपत्ती नसली तरी या प्राण्यांची संख्या वर्षाला फार तर दोन ते पाच टक्क्यांनी वाढू शकते.

दोन टक्क्यांचा व्याजदर समजा. शंभर रुपयांच्या मुद्दलाचे दोनशे व्हायला पस्तीस वर्षे लागतात. आता एखाद्या उपसागरात शंभर डॉल्फिन आहेत असे धरा. वर्षाचे व्याज दोन डॉल्फिन. त्या वर्षी जाळ्यांत तीन मेले, तर व्याज संपलेच, शिवाय मुद्दलातून एक गेला. पुढच्या वर्षी व्याज ९९ वर. असे खाते बुडताना आवाज होत नाही. कुणी दरोडा घालत नाही, कुणी अफरातफर करीत नाही. दर वर्षी थोडेसे जास्त काढले जाते, एवढेच. एका कोळ्याच्या जाळ्यात पाच-सात वर्षांत एखादा डॉल्फिन सापडला, तर त्याला ‘आमच्या जाळ्यात कुठे सापडतात?’ असे मनापासून वाटते, आणि ते खोटे नसते. पण तशी जाळी किती, याची बेरीज एकट्याला दिसत नाही.

माउईच्या बाबतीत तर ही बेरीज हृदय थांबवणारी आहे. त्यांच्या एवढ्याशा संख्येला धक्का न लावता माणसाच्या हातून किती मृत्यू खपतील, याचा हिशेब २०१२ साली तज्ज्ञांनी केला. उत्तर आले : १० ते २३ वर्षांत एक. त्याच वर्षीच्या जानेवारीत तारानाकीच्या किनाऱ्याजवळ एक डॉल्फिन जाळ्यात मरण पावल्याची नोंद झाली होती. तो माउई असेल तर पुढच्या दहा-वीस वर्षांचा खर्च एका दिवसात झाला.

दक्षिण बेटावरचे चित्र त्या मानाने बरे आहे. तिथे अलीकडच्या हवाई गणनेनुसार सुमारे १५ हजार हेक्टर डॉल्फिन आहेत. १९८५ च्या सुमाराला नावेतून केलेल्या पहिल्या मोजणीत ते साडेतीन हजारांच्याही आत भरले होते. पण यावरून संख्या चौपट झाली असे समजायचे नाही. दोन टक्के व्याजाने तीस वर्षांत चौपट होत नाही. मोजणी सुधारली, विमानातून किनाऱ्यापासून अधिक दूरवर पाहिले गेले. पूर्वी तिजोरीचा एकच कप्पा मोजला होता. दुसरा नंतर उघडला. ठेव तीच होती. आणि ही ठेवही एका खात्यात नाही. किनाऱ्याकिनाऱ्यावर लहान लहान खात्यांत विभागलेली आहे. त्यांतली काही आजही जेमतेम शिल्लक दाखवतात.

बंदीचे फळ

१९८८ साली न्यूझीलंड सरकारने बँक्स द्वीपकल्पाभोवतीचा ११७० चौरस किलोमीटरचा समुद्र सागरी सस्तन प्राण्यांचे अभयारण्य म्हणून घोषित केला आणि तिथे व्यापारी मच्छीमारांच्या उभ्या जाळ्यांना जवळपास मज्जाव केला. वाद झाले. बंदीचा उपयोग होतो की नुसता कोळ्यांचा घास जातो, हा प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर मिळायला वीस वर्षे जावी लागली. मंद व्याजाच्या खात्यात फरक लगेच दिसत नाही.

संशोधकांनी १९८६ ते २००६ अशी एकवीस वर्षे तेच डॉल्फिन परांवरच्या खुणांनी ओळखून छायाचित्रांत टिपले. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. अभयारण्यापूर्वी शंभर डॉल्फिनांतले सरासरी ८६ वर्षअखेरीस जिवंत राहत. नंतर सुमारे ९२. शेकडा पाच-सहा जिवांचा फरक. संख्येची घसरण जवळजवळ थांबली. वाढ म्हणावी असे मात्र अजून काही नव्हते, कारण हिवाळ्यात डॉल्फिन अभयारण्याच्या हद्दीबाहेर जात आणि तिथे जाळी होती. तरीही सागरी प्राण्यांसाठी राखलेल्या क्षेत्राचा असा मोजून दाखवलेला लाभ जगात प्रथमच समोर आला होता.

त्यानंतर हद्दी वाढत गेल्या. उत्तर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर २००३ मध्ये, दोन्ही बेटांवर २००८ मध्ये, तारानाकीला २०१२ मध्ये. २०२० साली माउईच्या मुख्य पट्ट्यात उभ्या जाळ्यांवरची बंदी किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत नेण्यात आली. ज्यांचा धंदा बसला त्यांना सरकारने साहाय्य देऊ केले. पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यावर जगलेल्या माणसाला साहाय्याची रक्कम म्हणजे समुद्र नव्हे, हेही खरे. डॉल्फिन वाचवण्याची किंमत सगळ्या देशाने ठरवली, पण ती आधी चुकवली किनाऱ्यावरच्या थोड्या घरांनी. याचे भान न ठेवता प्राणिप्रेमाची भाषा करणे सोपे असते.

जाळी दूर झाली म्हणून धोका टळला असेही नाही. सापडलेल्या २८ मृत डॉल्फिनांच्या तपासणीत सात जण टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीने मेल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले; त्यांत माउईही होते. हा परजीवी वाढतो मांजराच्या पोटात. विष्ठेतून त्याची सूक्ष्म बीजे जमिनीवर पडतात, पावसाने नाल्यात, नाल्यातून नदीत आणि नदीतून त्याच गढूळ किनारपट्टीला जातात, जिथे डॉल्फिन राहतात. न्यूझीलंडमध्ये मांजर मूळचे नाही. ते युरोपियनांच्या गलबतांबरोबर आले. चुलीजवळ वेटोळे करून झोपलेले मांजर आणि समुद्रातला डॉल्फिन यांचा असा संबंध असेल हे कुणाच्या स्वप्नातही आले नसते. जाळ्याला कायद्याने हद्द घालता येते. पावसाला कुठली हद्द घालणार?

किनाऱ्याजवळ राहणाऱ्या सगळ्याच प्राण्यांपुढे कमी-अधिक हाच पेच आहे. आपल्या कोकण किनाऱ्यावर, खाड्यांच्या तोंडाशी दिसणारा पाठीवर उंचवटा असलेला हंपबॅक डॉल्फिनही उथळ पाण्याचा, हळू वाढणारा आणि जाळ्यांत सापडणारा आहे. जागतिक यादीत तोही हेक्टरप्रमाणेच संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला आहे. समुद्र अफाट असला, तरी जिथे माणसाचे आणि प्राण्याचे काम पडते ती पट्टी अरुंद आहे.

माउईची खातेवही अजून बंद झालेली नाही. पन्नासच्या आसपास डॉल्फिनांत पिल्ले देऊ शकणाऱ्या माद्या मूठभरच असणार. त्यांतली एखादी येत्या डिसेंबरात ऑकलंडच्या पश्चिमेच्या काळ्या वाळूच्या किनाऱ्याजवळ विईल. जन्मलेले पिल्लू मादी असले, तर तिचे पहिले पिल्लू पाहायला सात-आठ वर्षे थांबावे लागेल. तोवर तिला दर दीड-दोन मिनिटांनी श्वास घ्यायला वर यायचे आहे, रोज, आणि प्रत्येक वेळी तिची वाट मोकळी असली पाहिजे.